छापा, काटा आणि कस

इतिहासप्रेमी मंडळींच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते. बखरकार अतिशयोक्ती करतो, शाहीर रंग भरतो, दरबारी चिटणीस धन्याला रुचेल तेच लिहितो. नाणे मात्र कधी खोटे बोलत नाही. वाक्य खणखणीत आहे. ते उच्चारले की वाद मिटतो, बोलणारा पारखी ठरतो आणि ऐकणारे माना डोलावतात. प्रस्तुत लेखकानेही बरीच वर्षे अशी मान डोलावली आहे. आज मात्र या वाक्याविरुद्ध तक्रार गुदरायची आहे. कारण त्याने नाण्यांच्या अभ्यासाचे, आणि खुद्द नाण्यांचेही, नुकसान केले आहे असे माझे मत झाले आहे.

आधी एक घरचे उदाहरण घेऊ. इंदूरच्या मल्हारनगर टाकसाळीचा जुना रुपया आपल्यापैकी काहींच्या घरी देवघरात किंवा तिजोरीत जपलेला असेल. त्यावर शिवलिंग आहे, बेलाचे पान आहे, आणि फारसी लिपीत नाव आहे ते दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे. १७८८ मध्ये गुलाम कादिराने या बादशहाचे डोळे काढले, महादजी शिंद्यांच्या फौजांनी त्याला पुन्हा तख्तावर बसविले, आणि १८०६ मध्ये तो मरण पावला. तरी त्याचे नाव रुपयावर पुढेही चालतच राहिले. कंपनी सरकारनेही १८३५ पर्यंत त्याच्याच नावाचे रुपये पाडले. नाणे खोटे बोलत नसेल, तर अहिल्याबाईंच्या इंदुरावर शाह आलमचा अंमल होता असे म्हणावे लागेल. तसे आपण म्हणत नाही, कारण नाण्याबाहेरचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. घरच्या रुपयाबाबत पाळलेले हे तारतम्य दूरदेशीच्या नाण्यांपुढे उभे राहिलो की आपण विसरतो. रोमन सम्राटांच्या नाण्यांपुढे तर साफ विसरतो.

रोमन नाणी विवेचनासाठी निवडली याचे कारण असे, की चित्रांची एवढी श्रीमंती जगातील फार थोड्या नाण्यांवर आढळते. एका बाजूस सम्राटाचे किंवा त्याच्या घरातील कोणाचे मस्तक आणि भोवती पदव्यांची लांबलचक माळ. दुसऱ्या बाजूस देवता, विजयकमानी, मंदिरे, जहाजे, बंदिवान, प्राणी, आणि स्त्रीरूप धारण केलेले गुण: शांती, सुबत्ता, निष्ठा, एकोपा, स्वातंत्र्य. छापा सहसा एकच राही. काटा मात्र वारंवार बदले. वर्तमानपत्रे नसलेल्या जगात या बदलत्या बाजूस कोणी सरकारी बातमीपत्र म्हटले तर ते वावगे नाही. पण सरकारी बातमीपत्र वेगळे आणि घडलेली गोष्ट वेगळी. माझे म्हणणे थोडक्यात असे: नाण्यावरचे चित्र ही एका पक्षकाराची कैफियत असते. ती जरूर वाचावी, बारकाईने वाचावी. पण तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू नये. साक्ष घ्यायची ती नाण्याच्या वजनाची, कसाची, झिजेची, त्यावरच्या घावांची, ते सापडले त्या जागेची आणि सोबत सापडलेल्या इतर नाण्यांची.

पहिला सम्राट ऑगस्टस याच्यापासूनच सुरुवात करू. इ.स.पू. ५३ मध्ये मेसोपोटेमियातील कॅरी येथे पार्थियनांनी क्रॅससच्या सैन्याचा धुव्वा उडविला. क्रॅसस मारला गेला आणि रोमन पलटणींचे गरुडध्वज शत्रूच्या हाती पडले. ही नामुष्की रोमच्या मनात तीन दशके सलत होती. इ.स.पू. २० मध्ये ते ध्वज परत मिळाले. ते कसे मिळाले? लढाई झाली नाही. अर्मेनियाच्या गादीचा प्रश्न, सीमेवर आणलेल्या सैन्याचा धाक आणि वाटाघाटी यांतून पार्थियाचा राजा चौथा फ्राटीस याने ते परत केले. मुत्सद्देगिरीचे हे यश लहान नव्हते. पण त्यानंतर लगेच निघालेल्या रोमन दिनारियसवर काय दिसते? एक पार्थियन पुरुष गुडघे टेकून, हात पुढे करून ध्वज अर्पण करतो आहे, आणि भोवती ध्वज परत मिळाल्याचा मजकूर आहे. जणू रणांगणावर शरणागती झाली! दोन शतकांनंतर इतिहासकार डिओ याने नोंदविले आहे, की ऑगस्टसने हे ध्वज एखादे युद्ध जिंकल्याच्या थाटात स्वीकारले. इकडे फ्राटीसच्या नाण्यांवर त्याची पदवी कायम होती ‘राजाधिराज’. आता नाणे खोटे बोलत नाही असे म्हणणाऱ्यांनी सांगावे, की गुडघे टेकणारा पार्थियन खरा मानायचा की राजाधिराज?

याच ऑगस्टसचा चेहरा पाहा. इ.स. १४ मध्ये तो वारला तेव्हा त्याने पंचाहत्तरी ओलांडली होती. नाण्यांवर मात्र तो अखेरपर्यंत तरुणच आहे: गुळगुळीत गाल, रेखीव जिवणी, कपाळावर नीट बसविलेल्या बटा. चाळीस वर्षांत त्या चेहऱ्यावर एक सुरकुती पडली नाही. हे चित्र पाहून त्याची प्रकृती ठणठणीत होती असा निष्कर्ष कोणी काढला तर आपण हसू. कारण सम्राटाने मुद्दाम ठेवलेला तो चेहरा आहे हे उघड दिसते. मग चेहऱ्याच्या बाबतीत जे उघड दिसते, ते काट्यावरच्या शांतीच्या, विजयाच्या आणि एकोप्याच्या बाबतीत का दिसू नये?

या गुणांची कथा तर याहून मासलेवाईक आहे. इ.स. ६९ हे रोमच्या इतिहासात चार सम्राटांचे वर्ष म्हणून ओळखले जाते. जानेवारीच्या मध्यावर गॅल्बा भर चौकात मारला गेला आणि ऑथो गादीवर आला. ऱ्हाइन नदीकाठच्या पलटणींनी त्याआधीच व्हिटेलियसला सम्राट घोषित केले होते आणि त्या इटलीकडे निघाल्या होत्या. एप्रिलच्या मध्यावर ऑथोने आत्महत्या केली. अवघी तीन महिन्यांची कारकीर्द, तीही सारी यादवीत गेली. त्या तीन महिन्यांत त्याच्या टाकसाळीने काढलेल्या नाण्यांवर शांतिदेवता आहे आणि शब्द आहेत ‘पॅक्स ऑर्बिस टेरारम’, म्हणजे अखिल पृथ्वीची शांती.

इ.स. २३८ मधले प्रकरण याहून करुण आहे. सैनिकांनी गादीवर बसविलेला मॅक्सिमिनस हा आपल्या नाण्यांवर ‘फिडेस मिलिटम’, म्हणजे सैनिकांची निष्ठा, ही अक्षरे मिरवीत असे. त्याच्याच सैनिकांनी ॲक्विलियाच्या वेढ्यात त्याला ठार केले. त्याच्याविरुद्ध सिनेटने पुपिएनस आणि बाल्बिनस असे दोन सम्राट एकाच वेळी निवडले होते. या जोडीच्या नाण्यांवर एकमेकांत गुंफलेले दोन उजवे हात आहेत आणि मजकूर आहे परस्पर प्रेम, परस्पर निष्ठा, परस्पर जिव्हाळा. त्याच काळात हयात असलेला इतिहासकार हेरोडियन सांगतो तो प्रकार असा. राजवाड्याचे शिपाई चालून आले तेव्हा एकाने मदतीस जर्मन रक्षक बोलावू म्हटले, तर ते आपल्यालाच मारण्यासाठी आणले जात आहेत या संशयाने दुसऱ्याने अडवून धरले. वाद चालू असतानाच शिपाई आत घुसले आणि दोघांनाही फरफटत नेऊन त्यांनी ठार केले. नाण्यावरचे हात मात्र आजही गुंफलेलेच आहेत, आणि काचेच्या पेटीपुढे उभे राहून ‘काय हा सलोखा!’ म्हणणारे आजही भेटतात.

येथे एक सावधगिरी मला स्वतःलाही बाळगली पाहिजे. काट्यावर जो गुण कोरला असेल त्याच्या नेमके उलट घडत होते, असा उफराटा नियम कोणी काढील तर तोही आळसच ठरेल. हेड्रियनने सत्तेवर आल्यावर इ.स. ११८ मध्ये शाही खजिन्याची जुनी थकबाकी माफ केली. त्या प्रसंगाच्या नाण्यावर एक राजसेवक कर्जखतांच्या ढिगाला मशाल लावताना दिसतो आणि रकमेचा आकडाही कोरलेला आहे: नव्वद कोटी सेस्टर्टियस. ही बढाई नव्हती. रोममध्ये ट्रेजनच्या चौकात सापडलेला शिलालेख तीच माफी सांगतो. म्हणजे येथे कैफियत खरी ठरली. पण ती खरी ठरली दुसऱ्या साक्षीमुळे. नाण्यावर आहे म्हणून खरे, असे येथेही म्हणता येत नाही.

आता धातूकडे वळू. चित्रकाराला सम्राट हवे ते कोरायला सांगू शकतो. चांदी मात्र खजिन्यात असेल तेवढीच पडते. इ.स. ६४ च्या सुमारास नीरोने दिनारियसचे वजन उतरविले. पूर्वी एका रोमन पौंड चांदीत ८४ नाणी पडत. ती आता ९६ पडू लागली, आणि चांदीत हीणही मिसळले गेले. नीरोच्या टाकसाळीचे कोरीवकाम रोमन नाण्यांतील उत्कृष्ट कामांपैकी एक मानले जाते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्याच्या मोठ्या पितळी नाण्यांवर जॅनसच्या देवळाचे बंद दरवाजे बिजागऱ्यांपासून तोरणापर्यंत इतके बारीक कोरले आहेत, की वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याने अभ्यास करावा. भोवतीचा मजकूर सांगतो, की रोमन जनतेसाठी भूमीवर आणि समुद्रावर शांती प्रस्थापित करून सम्राटाने जॅनसचे द्वार बंद केले. ज्या वर्षांत काट्यावर शांतीचा हा थाट चालला होता, त्याच वर्षांत तराजूचा काटा मात्र वेगळे काही सांगत होता.

पुढची घसरण सर्वांना ठाऊक असावी अशी आहे. सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात दिनारियसमध्ये निम्मीच चांदी उरली. इ.स. २१५ मध्ये कॅराकॅलाने एक नवे नाणे काढले. त्यावर सम्राटाच्या डोक्यावर पानांच्या मुकुटाऐवजी सूर्यकिरणांचा मुकुट आहे. हा मुकुट दुप्पट किमतीची खूण होता असे अभ्यासक मानतात. प्रत्यक्षात त्या नाण्यातली चांदी दीड दिनारियसच्या आसपासच भरते. म्हणजे अर्ध्या दिनारियसची तूट सूर्यकिरणांनी भरून काढली! पन्नास-पंचावन्न वर्षांत तेच नाणे गॅलिएनसच्या हाती तांब्याचे तुकडे होऊन राहिले. चांदी शेकडा पाचांच्याही खाली गेली आणि वर पातळ मुलामा तेवढा उरला. गॅलिएनसचा बाप व्हॅलेरियन हा इ.स. २६० मध्ये इराणच्या शापूरच्या हाती जिवंत सापडला होता, आणि तो प्रसंग शापूरने नक्श-इ-रुस्तम येथील कड्यावर कोरून ठेवला होता. गॉलचा प्रांत फुटून निघाला होता. अशा वेळी गॅलिएनसच्या मुलाम्याच्या नाण्यांवर विपुलतेची देवता आपले शिंग उपडे करून धान्यफळे सांडते आहे, आणि त्याच्या एका सुवर्णनाण्यावर मजकूर आहे ‘उबिक्वे पॅक्स’, म्हणजे सर्वत्र शांती. आपल्या बाजारातला साधा सराफही असे नाणे हातात घेऊन आधी कस लावील आणि मग चित्र पाहील. इतिहास वाचणारे आपण मात्र उलटा क्रम धरतो.

यावर दुसऱ्या टोकाचा एक पक्ष उभा राहतो, आणि तो विद्वानांचा आहे. १९५६ मध्ये ए. एच. एम. जोन्स या थोर इतिहासकाराने असा प्रश्न केला, की मुळात ही चित्रे पाहत कोण होते? आपण टपाल तिकिटावरचे चित्र पाहतो तेवढेच रोमन माणूस नाण्याकडे पाहत असेल. तेव्हा त्यांतून राजकारण शोधणे व्यर्थ आहे. १९८२ मध्ये बार्बरा लेव्हिक यांनी मांडले, की ही चित्रे जनतेसाठी नव्हतीच. सम्राटाला खूश करण्यासाठी टाकसाळीचे अधिकारी ती निवडीत. दुसऱ्या मतात तथ्याचा मोठा अंश आहे. खुशामतीची कैफियत हीही कैफियतच असते. पण पहिले मत मला मान्य नाही. चित्रे कोणी पाहत नव्हते म्हणून ती सोडून द्या, असे म्हणणे आणि ती खरी म्हणून पुजा, असे म्हणणे, या दोन्हींत वाचण्याचे कष्ट टळतात.

लोक पाहत होते याचे पुरावे आहेत. एपिक्टेटस हा तत्त्वज्ञ माणसाच्या स्वभावाची पारख समजावताना नाण्याचा दाखला देतो: नाण्यावर ट्रेजनची मुद्रा असेल तर घ्यावे, नीरोची असेल तर फेकून द्यावे. ऐकणाऱ्यांना चेहरे ओळखू येत नसते तर हा दाखला निरर्थक ठरला असता. कॅलिग्युलाच्या वधानंतर त्याचा चेहरा असलेली तांब्या-पितळेची नाणी सिनेटने वितळविण्याचे ठरविले, असे डिओ लिहितो. कॅराकॅलाने इ.स. २११ मध्ये सख्ख्या भावाचा, गेटाचा, आईच्या डोळ्यांदेखत खून करविला; त्यानंतर आशिया मायनरमधील स्ट्रॅटोनिकियासारख्या नगरांत दोघा भावांची चित्रे असलेल्या नाण्यांवरून गेटाचा चेहरा घासून टाकण्यात आला. त्या नाण्यांवर एक भाऊ ठसठशीत आहे आणि त्याच्यासमोर खरवडलेली रिकामी जागा आहे. कॉन्स्टंटाईन आपल्या सुवर्णनाण्यांवर डोळे वर लावून पाहतो. त्याचा चरित्रकार बिशप युसेबियस याने ती नजर प्रार्थनेत लागलेल्या भक्ताची ठरविली. वास्तविक वर लागलेली ती नजर अलेक्झांडरच्या आणि त्याच्यानंतरच्या ग्रीक राजांच्या प्रतिमांत सहाशे वर्षे चालत आलेली होती. भक्ताला भक्त दिसला, जुन्या वळणाच्या माणसाला अलेक्झांडर दिसला, आणि दोघांनाही दुखवायचे नसेल तर सम्राटाला हेच हवे होते.

पाहणाऱ्यांत एक वर्ग असा होता ज्याच्यावर ती चित्रे लादली गेली होती. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेम घेतले आणि यहुदींचे मंदिर जाळले. त्यानंतर व्हेस्पेशियनने ‘ज्यूडिया कॅप्टा’ ही नाण्यांची मालिका काढली. मधोमध खजुराचे झाड. त्याखाली डोके हातावर टेकून बसलेली एक रडणारी स्त्री, म्हणजे ज्यूडिया. दुसऱ्या बाजूस हात बांधलेला बंदिवान, किंवा लष्करी वेषात भाला घेऊन उभा असलेला खुद्द सम्राट. संग्राहकांच्या जगात या नाण्याला फार मागणी आहे आणि त्याची रचना सुंदर आहे असे सर्वजण म्हणतात. सुंदर आहे, हे मलाही मान्य आहे. पण ती स्त्री कोण, ती कोणासाठी रडते, आणि तिचे रडणे कोणी कोणासाठी कोरले, हे प्रश्न त्या सौंदर्याच्या चर्चेत हरवतात.

त्या प्रश्नांचे उत्तर दुसऱ्या एका नाण्याने दिले. इ.स. १३२ मध्ये बार कोखबाच्या नेतृत्वाखाली यहुदींनी पुन्हा उठाव केला. तो साडेतीन वर्षे टिकला. बंडखोरांनी नवा धातू गाळला नाही. बाजारात चालणारी रोमन सम्राटांची नाणी घेऊन त्यांवरच त्यांनी आपले ठसे मारले. मोठ्या रौप्यनाण्यांवर पाडलेल्या मंदिराचा दर्शनी भाग, लहानांवर द्राक्षांचा घड आणि वीणेसारखी वाद्ये, तांब्यावर द्राक्षाचे पान आणि खजुराचे झाड. मजकूर प्राचीन हिब्रू लिपीत, जेरुसलेमच्या स्वातंत्र्याचा. ज्या खजुराखाली त्यांची ज्यूडिया रडत बसविली होती, तोच खजूर त्यांनी सम्राटाच्या तोंडावर मारला. ठसा पुरता बसला नाही अशा अनेक नाण्यांवर द्राक्षाच्या घडाखालून सम्राटाचे नाक किंवा त्याच्या पदवीची दोन अक्षरे आजही डोकावतात. उठाव चिरडला गेला. फार मोठा संहार झाला. बंडखोरांचा ठसा हीही कैफियतच होती, कारण जेरुसलेम त्यांच्या हाती आले होते याचा भक्कम पुरावा नाही. पण खालचा पुसट चेहरा आणि वरचा ठसा मिळून जे सांगतात ते दोन्हींपैकी कोणत्याही एका चित्रात नाही. ते कळते नाण्याच्या अंगावरच्या घावांवरून.

आता आपल्या भूमीकडे येऊ, कारण हीच नाणी दख्खन आणि दक्षिण हिंदुस्थानात हंड्याहंड्यांनी सापडली आहेत. हैदराबादपासून फार दूर नसलेल्या नलगोंडा जिल्ह्यातील अक्कनपल्लीचा साठा प्रसिद्ध आहे. प्लिनी तक्रार करतो, की हिंदुस्थान दरसाल साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्टियस ओढून नेतो. आपल्याकडील रौप्यसाठ्यांत ऑगस्टस आणि टायबीरिअस या दोघांचीच नाणी प्रचंड बहुसंख्येने आढळतात. नीरोच्या हलक्या दिनारियसांना येथे फारशी जागा मिळालेली दिसत नाही. जुनी चांदी अधिक कसाची, म्हणून येथल्या व्यापाऱ्यांनी तीच पसंत केली, असे अनेक अभ्यासक मानतात. प्लिनीनेच सांगितलेली एक कथा याच्याशी जुळते. क्लॉडियसच्या काळी वादळात भरकटलेला एक रोमन मुक्तदास सिंहलद्वीपाच्या राजापुढे उभा राहिला. त्याच्याजवळचे दिनारियस पाहून राजा प्रसन्न झाला, तो त्यांवरची चित्रे सुंदर म्हणून नव्हे. मुद्रा वेगवेगळ्या सम्राटांच्या असूनही वजन एकच भरले म्हणून. कथा जशी घडली तशीच प्लिनीने लिहिली असेल असा माझा आग्रह नाही. पण नाणे कसे वाचावे हे त्या राजाला आपल्यापेक्षा चांगले कळत होते.

१८९८ मध्ये तमिळ मुलखातील पुदुकोट्टई येथे ५०१ रोमन सुवर्णनाणी मिळाली. त्यांतील बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे. चेहरा रद्द केला, सोने ठेवले. उलट तेर, कोंडापूर अशा सातवाहनकालीन स्थळी रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला मिळतात. त्यांना भोक किंवा अडकन आहे, म्हणजे कोणीतरी त्या गळ्यात घालीत असे. तिकडे सम्राटाचे तोंड कापले, इकडे त्याचे पदक केले. टायबीरिअसने यांपैकी कोणतीही गोष्ट योजिली नव्हती. आपल्या आज्यांच्या गळ्यातील पुतळ्यांची माळ आठवा. पुतळी मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून आली असे सांगतात. तीवरचा संत कोण आणि त्याच्यापुढे गुडघे टेकणारा कोण, हे आपल्या घरात कोणी कधी विचारले नाही. चित्राचा अर्थ पाडणाऱ्याच्या मनात एक असतो आणि धारण करणाऱ्याच्या गळ्यात वेगळा होतो. हा दुसरा अर्थ चित्र कितीही न्याहाळले तरी मिळत नाही; नाणे कोठे सापडले, कशासोबत सापडले, त्याला भोक होते की घाव होता, यावरूनच तो मिळतो.

येथे माझ्या तक्रारीचे खरे कारण आले. ‘नाणे खोटे बोलत नाही’ म्हणणारा माणूस चित्राला शरण जातो, आणि चित्राला शरण गेलेला माणूस बाकी सारी साक्ष आपल्या हातांनी पुसून टाकतो. हंडा सापडला की त्यातली सुबक चेहऱ्यांची नाणी निवडली जातात; झिजलेली, कापलेली, वेडीवाकडी नाणी मुशीत जातात; साठा पाच जणांत वाटला जातो आणि कोणत्या शेतातून आला हे सांगणारा कोणी उरत नाही. उरते ते एक देखणे मस्तक, मखमलीवर ठेवलेले, ज्याच्याजवळ सम्राटाच्या कैफियतीखेरीज सांगण्यासारखे काही नाही. चूक इतरांच्याच माथी मारीत नाही. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी घरातील जुनी तांब्याची नाणी चिंच लावून लखलखीत घासण्याचे काम लहानपणी माझ्याकडे असे, आणि ते मी अभिमानाने करीत असे. त्या नाण्यांवर किती वर्षांचा लेख मी धुऊन काढला हे मला पुष्कळ उशिरा कळले.

तेव्हा विनंती एवढीच आहे. ज्यांच्या घरी जुनी नाणी आहेत, मग ती रोमन असोत, होळकरशाही असोत वा शिंदेशाही, त्यांनी ती घासू नयेत. प्रत्येकाचे वजन करून ठेवावे, आणि ती कोणाकडून, कोणत्या गावाहून, कशासोबत आली हे आठवते आहे तोवर कागदावर उतरवावे; आठवणारी माणसे कमी होत चालली आहेत. जमिनीत ठेवा सापडल्यास, त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर, जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्याने घातले आहे. ते सरकारचे भय म्हणून न पाळता साठा एकत्र राहावा म्हणून पाळावे. आणि पुढच्या बैठकीत कोणी ते खणखणीत वाक्य उच्चारलेच, तर मान डोलावण्यापूर्वी त्यांना नम्रपणे विचारावे: नाण्याचे वजन किती भरले, आणि ते कोठे मिळाले?